खोडून उरलेल्या संख्या

९१ ही संख्या समोर आली की बहुतेकांना ती मूळ संख्या वाटते. दोनाने भाग जात नाही, अंकांची बेरीज दहा म्हणून तिनानेही जात नाही, शेवटी शून्य किंवा पाच नाही, आणि साताचा पाढा आपण सत्तरपाशीच सोडून दिलेला असतो. ज्यांच्याकडून लहानपणी तेराचा पाढा घोकून घेतला गेला त्यांना ‘तेरा साते एक्क्याण्णव’ आठवते आणि ते फसत नाहीत. पण एका संख्येला पकडण्यासाठी सगळ्यांनी तेराचा पाढा पाठ करावा, ही अपेक्षा काही रास्त नव्हे. ही संख्या १०१ किंवा १००१ असती तर मग कुठवरचे पाढे पाठ करायचे? इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या इरॅटोस्थेनिसच्या नावावर जी ‘चाळणी’ची पद्धत सांगितली जाते, तिला पाढे पाठ असावे लागत नाहीत. भागाकार येत नसला तरी चालतो. ओळीने मोजता आले की भागले.

ही पद्धत शाळेतून सर्वांच्या परिचयाची आहे. पण शाळेत ती एका तासिकेत उरकली जाते, रंगीत खडूंनी तक्ता भरला की पुढचा धडा सुरू होतो, आणि हा मुलांचा खेळ आहे अशी समजूत कायमची होऊन बसते. म्हणून ती एकदा सावकाश करून पाहू. १ ते १०० संख्या लिहा. १ बाजूला ठेवा. तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. २ भोवती गोल करा आणि ४ पासून प्रत्येक दुसऱ्या संख्येवर फुली मारा. ४९ फुल्या होतात. पुढची बिनफुलीची संख्या ३. तिच्याभोवती गोल, आणि आता दर तिसरी संख्या. सुरुवात ९ पासून, कारण ६ आधीच गेली आहे. या वेळी ३१ फुल्या पडतात, पण त्यांतल्या १५ आधीच खोडलेल्या संख्यांवर. नव्याने जातात त्या १६. मग ५ ची पाळी. २५ पासून १६ फुल्या, त्यांत नव्या फक्त ६. मग ७. ४९, ५६, ६३, ७०, ७७, ८४, ९१, ९८ अशा आठ फुल्या, आणि त्यांत नव्या तीनच: ४९, ७७ आणि ९१. पुढची बिनफुलीची संख्या ११, पण ११ चा वर्ग १२१, म्हणजे कागदाच्या बाहेर. तेव्हा काम संपले. १०४ फुल्यांत ७४ संख्या गेल्या आणि २५ उरल्या. त्या २५ शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या.

या सगळ्या उद्योगात ‘ही संख्या मूळ आहे का?’ हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही, आणि मला या पद्धतीचे खरे मोल इथेच दिसते. मूळ संख्यांना चाल नाही. २३ नंतर २९ येते, २९ नंतर लगेच ३१, मग थेट ३७. पुढची कधी येईल हे मागच्यांवरून सांगता येत नाही. पण त्यांच्या पटींना चाल आहे, आणि ती लष्करी कवायतीसारखी काटेकोर आहे: दर तिसरी, दर पाचवी, दर सातवी. तेव्हा जिला चाल नाही तिच्या मागे धावायचे सोडून, जिला चाल आहे तिला बाहेर काढायचे. एका संख्येची चौकशी करण्याऐवजी सगळ्या रांगेवर एकदमच काम करायचे. प्रश्नाचा रोख असा बदलणे ही गणितातली फार मोठी गोष्ट असते, आणि पुढच्या प्रकरणांत दिसेल की कोष्टके, यंत्रे आणि विसाव्या शतकातले अवघड सिद्धांत या सगळ्यांनी हाच बदललेला प्रश्न जसाच्या तसा उचलला आहे.

इरॅटोस्थेनिसचा जन्म सायरीन या ग्रीक वसाहतीत, म्हणजे आजच्या लिबियात, इ.स.पूर्व २७६ च्या सुमारास झाला. शिक्षण अथेन्समध्ये. तिसऱ्या टॉलेमीने त्याला अलेक्झांड्रियाला बोलावून घेतले आणि ग्रंथालयाची जबाबदारी दिली. कविता, नाटकांचा इतिहास, कालगणना, भूगोल, खगोल, गणित, काहीही त्याला वर्ज्य नव्हते. त्याचे समकालीन त्याला ‘बीटा’ म्हणत, म्हणजे ग्रीक वर्णमालेतले दुसरे अक्षर: प्रत्येक विषयात दुसरा, पहिला कशातच नाही. टोपणनाव कुत्सित आहे हे उघड आहे. पण आर्किमिडीजने आपल्या मनातल्या युक्त्या कोणाला लिहून कळवल्या, तर याच ‘दुसऱ्या’ माणसाला. क्षेत्रफळे आणि घनफळे आपण आधी तराजूच्या विचाराने कशी ताडतो आणि मग सिद्ध कशी करतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ इरॅटोस्थेनिसला उद्देशून लिहिलेला आहे. तो शतकानुशतके हरवलेलाच होता. १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमधील एका प्रार्थनापुस्तकाच्या पानांवर, खरवडून पुसलेल्या जुन्या अक्षरांत तो सापडला.

इरॅटोस्थेनिसची कीर्ती आहे ती पृथ्वीच्या परिघाच्या मोजणीसाठी. सायेनी गावी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्ही सावली पडत नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात पडणाऱ्या सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया. म्हणून परीघ २,५०,००० स्टेडिया. हे गणित सगळ्यांना माहीत असते. त्यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जुन्या लेखकांत हा आकडा दोन प्रकारे येतो: कोठे २,५०,०००, तर कोठे २,५२,०००. हे वरचे दोन हजार कशासाठी? २,५२,००० ला १ ते १० पैकी कोणत्याही संख्येने भागून पाहा, बाकी उरत नाही. ३६० ने भागले तर अंशाला नेमके ७०० स्टेडिया. मोजमाप इतके अचूक नव्हते की दोन हजारांनी बिघडावे, मग निदान भागायला सोयीचा आकडा का घेऊ नये? दुरुस्ती त्याने याच हेतूने केली असे म्हणणाऱ्या अभ्यासकांशी मी सहमत आहे. विभाज्यतेवर नजर असलेल्या माणसाला शोभणारीच ती आहे.

त्याची चाळणी मात्र त्याच्या स्वतःच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेली नाही. ती आपल्याला कळते ती गेरासाच्या निकोमाखसकडून. हे गेरासा म्हणजे आजच्या जॉर्डनमधले जेराश. निकोमाखसचे ‘अंकगणिताची ओळख’ हे पुस्तक इ.स. १०० च्या सुमाराचे, म्हणजे इरॅटोस्थेनिसनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी लिहिलेले. गणिती म्हणून निकोमाखस युक्लिडच्या पासंगालाही पुरत नाही. युक्लिड प्रत्येक विधान सिद्ध करतो; निकोमाखस विधान करतो, दोन उदाहरणे देतो आणि पुढे जातो. पण पाठ्यपुस्तके टिकतात ती सोपी असतात म्हणून, आणि हे पुस्तक हजार वर्षे टिकले. नवव्या शतकात बगदादमध्ये साबित इब्न कुर्राने ते अरबीत नेले. त्याआधीच, सहाव्या शतकाच्या आरंभाच्या आसपास, बोएथियसने त्याच्या आधारे लॅटिनमध्ये अंकगणित लिहिले होते आणि युरोपातल्या मठांत तेच शिकवले गेले. युक्लिडने मूळ संख्या अनंत आहेत हे आपल्या नवव्या खंडात सिद्ध करून ठेवले होते, पण त्या शोधायच्या कशा याबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही. ते काम या सुमार पुस्तकाने केले.

निकोमाखसची चाळणी आपल्या शाळेतल्या चाळणीसारखी तंतोतंत नाही. तो ३ पासून फक्त विषम संख्या ओळीने मांडतो: ३, ५, ७, ९, ११, आणि अशाच पुढे जमेल तितक्या. मग ३ पासून निघून दोन-दोन घरे सोडत जायचे. पहिला मुक्काम ९ वर, दुसरा १५ वर, तिसरा २१ वर. ५ पासून निघालो तर चार-चार घरे सोडायची, ७ पासून सहा-सहा. पण तो नुसते खोडत नाही. ९ ला ३ ने तीन वेळा मोजले, १५ ला ३ ने पाच वेळा, २१ ला सात वेळा, अशी कोण कोणाला किती वेळा मोजतो याची नोंदही तो करत जातो. म्हणजे जी संख्या बाद होते ती का बाद झाली याचे उत्तर तिच्यासोबतच लिहिलेले राहते. शाळेतल्या तक्त्यावरच्या फुलीतून ही माहिती निसटून जाते. पुढे अठराव्या शतकात जी प्रचंड कोष्टके तयार झाली ती फुल्यांची नव्हती, अवयवांची होती. निकोमाखसने सांगितलेल्या नोंदीच त्यांत पाना-पानावर आहेत.

त्याच्या मांडणीत २ ला जागा नाही. मूळ संख्या हा त्याच्या लेखी विषम संख्यांचाच एक पोटप्रकार. ॲरिस्टॉटल २ ला एकमेव सम मूळ संख्या म्हणतो, युक्लिडच्या व्याख्येतही २ बसते, पण निकोमाखस आणि त्याच्यामागून बोएथियस तिला बाहेर ठेवतात. ही निव्वळ हटवादी शिस्त आहे असे कोणी म्हणेल. पण आज संगणकावर चाळणी लिहिणारा कोणताही शहाणा माणूस सम संख्यांसाठी जागा राखतच नाही. अर्धी स्मृती वाचते. कारण वेगळे, मांडणी तीच.

वर्गमूळापाशी थांबायचे ही सोय मात्र निकोमाखसकडे नाही. ११ चा वर्ग १२१, म्हणून शंभरापर्यंत ७ पुरे, हे आज आपण सहज म्हणून जातो. संख्या संयुक्त असेल तर तिच्या दोन अवयवांपैकी निदान एक तिच्या वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही, एवढेच त्यामागचे तर्कशास्त्र. फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथात शंभरापर्यंतच्या मूळ संख्यांची यादी आणि वर्गमूळापर्यंतच तपासण्याचा नियम दोन्ही आहेत. हा नियम नसता तर पुढचा सगळा इतिहासच घडला नसता. दहा लाखांपर्यंत चाळायचे तर १,००० पर्यंतच्या १६८ मूळ संख्या पुरतात; नियम नसेल तर पाच लाखांपर्यंतची प्रत्येक मूळ संख्या वापरून पाहावी लागेल.

त्या इतिहासातली माणसे या पुस्तकात मी जरा पसरून सांगितली आहेत. काहींना वाटेल, गणिताच्या पुस्तकात इतके कशाला? पण संख्यांच्या याद्या करण्यात आयुष्य घालवणाऱ्यांची जात निराळीच असते. व्हिएन्नातला शिक्षक आंटोन फेल्केल याने १७७६ मध्ये ४,०८,००० पर्यंतचे अवयव-कोष्टक सरकारी खर्चाने छापून घेतले. गिऱ्हाईक मिळेना. शेवटी तुर्कांशी झालेल्या युद्धात छापील प्रतींचा कागद बंदुकीच्या काडतुसांसाठी वापरला गेला, आणि मोजक्याच प्रती वाचल्या. १८११ मध्ये नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावी चेर्नाकने १०,२०,००० पर्यंतचे कोष्टक प्रसिद्ध केले आणि ग्रंथाला नावच ‘अंकगणिताची चाळणी’ असे लॅटिनमध्ये दिले. पाठोपाठ पॅरिसमध्ये बुर्कहार्टने १८१४ ते १८१७ या काळात ३०,३६,००० पर्यंत मजल मारली.

बुर्कहार्टची कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. २, ३ आणि ५ यांच्या पटी त्याने कागदावर येऊच दिल्या नाहीत. असे केले की दर ३०० संख्यांत फक्त ८० शिल्लक राहतात. त्या प्रत्येकीला एक स्तंभ. स्तंभात एकाखाली एक तीनशे-तीनशेंनी वाढणाऱ्या ७७ संख्या. म्हणजे एका पानात २३,१०० संख्यांचा निकाल. ७७ च का? कोणत्याही स्तंभात उतरत गेले की साताची पट दर सातव्या घरात भेटते आणि अकराची दर अकराव्या घरात; ७७ घरे झाली की दोघींची ठेवण पुन्हा पहिल्यासारखी. तेव्हा ७ आणि ११ यांच्या खुणा तांब्याच्या पत्र्यावर एकदाच कोरायच्या आणि हवी तितकी कोरी पाने त्या खुणांसकट छापून घ्यायची. पान हातात येते तेव्हाच ते पहिल्या पाच मूळ संख्यांनी चाळलेले असते. १३ पासून पुढे निराळी युक्ती. काही कोरी पाने एकमेकांना चिकटवायची, १३ च्या पटी जिथे जिथे येतात ती घरे कातरून काढायची आणि हा भोकांचा कागद भरायच्या पानांवर ठेवायचा. भोकातून जे घर दिसेल त्यात १३ लिहायचे. कागद सरकवायचा, पुन्हा लिहायचे. मग १७ ची भोके, मग १९ ची. इरॅटोस्थेनिसची चाळणी दोन हजार वर्षे नुसती नावाची चाळणी होती. पॅरिसमध्ये तिला खरोखरीची भोके पडली. त्यातही गंमत अशी की या भोकांतून मूळ संख्या खाली पडत नाहीत. ज्या बाद करायच्या, त्याच दिसतात.

हाच धंदा पुढे आणखी जवळजवळ शंभर वर्षे चालला. हँबर्गचा झकारियास डाझे हा तोंडी हिशेबाचा चमत्कार होता. शंभर-शंभर अंकी दोन संख्यांचा गुणाकार त्याने मनातल्या मनात पावणेनऊ तासांत केला होता. गणितातले तत्त्व मात्र त्याच्या डोक्यात फारसे शिरत नसे. या अफाट शक्तीचे करायचे काय, याचे उत्तर गाउसने दिले: सत्तर लाखांच्या आसपासची कोष्टके करा. सातव्या, आठव्या आणि नवव्या दशलक्षावर डाझे काम करत राहिला आणि १८६१ मध्ये, ते पुरे होण्याआधीच, मरण पावला. मधले तीन दशलक्ष सोडले होते, कारण क्रेलने केलेले त्यांचे हस्तलिखित बर्लिनच्या अकादमीत पडून होते. उघडून पाहिले तर त्यात इतक्या चुका की छापण्याजोगे नाही. ती खिंड लढवली जेम्स ग्लेशरने, १८७९ ते १८८३ मध्ये, बुर्कहार्टचीच भोकांची रीत वापरून. हाच ग्लेशर हवामानशास्त्रज्ञ म्हणून १८६२ मध्ये फुग्यातून इतका वर गेला होता की विरळ हवेत बेशुद्ध पडला. तसल्या माणसाने उतारवयात बसून लक्षावधी घरे भरावीत, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

प्रागचा प्राध्यापक याकोब फिलिप कुलिक या सगळ्यांच्या वरताण निघाला. वीस वर्षे खपून त्याने १०,०३,३०,२०० पर्यंत कोष्टक हाताने लिहिले. आठ खंड भरले. त्याच्या मृत्यूनंतर ते व्हिएन्नाच्या अकादमीकडे आले, आणि दुसरा खंड गहाळ झाला. पुढे अमेरिकेत डेरिक नॉर्मन लेहमरने कुलिकचे आकडे ताडून पाहिले तेव्हा एकट्या दहाव्या दशलक्षात दोनशेहून अधिक चुका निघाल्या. लेहमरची स्वतःची १९०९ आणि १९१४ ची कोष्टके एक कोटीच्या किंचित पुढे जातात आणि त्यांच्या निर्दोषपणाबद्दल त्यांचा लौकिक आहे. दुसऱ्या ग्रंथात मूळ संख्यांची नुसती यादी आहे आणि ती १ पासून सुरू होते. १ ला मूळ मानायचे की नाही हे १९१४ पर्यंतही सर्वांनी मिळून ठरवले नव्हते, त्याचा हा छापील पुरावा.

या हमालीतून काय निघाले? एक फळ तर हाती येण्याआधीच दिसले होते. पंधरा-सोळा वर्षांच्या गाउसला लाम्बर्टच्या कोष्टकांची जोड असलेले लघुगणकांचे पुस्तक मिळाले, आणि रिकामा पाव तास मिळाला की एखाद्या हजारातल्या मूळ संख्या मोजायच्या असा नाद त्याला लागला. १८४९ मध्ये एन्केला लिहिलेल्या पत्रात त्याने ही हकीकत सांगितली आहे. पहिल्या हजारात १६८, पहिल्या लाखात ९,५९२, पहिल्या दहा लाखांत ७८,४९८. विरळ होत जातात, पण एका लयीत: न या संख्येच्या आसपास मूळ संख्या सापडण्याचे प्रमाण साधारणपणे न च्या नैसर्गिक लघुगणकात एक. हे सिद्ध व्हायला १८९६ उजाडले. आदामार आणि द ला व्हाले-पूसँ यांनी ते त्याच वर्षी स्वतंत्रपणे केले. ज्यांना एकेकट्याने चाल नाही त्यांना घोळक्याने आहे, हे कोष्टके नसती तर गाउसलाही दिसले नसते.

दुसरे फळ लजाँद्रच्या मोजणीतून. चाळणी न करता, चाळल्यावर किती उरतील हे सांगता येईल का? शंभरातून २ च्या ५० पटी वजा करा, ३ च्या ३३, ५ च्या २०, ७ च्या १४. एकूण ११७ गेल्या, म्हणजे शंभराहून जास्त, कारण ६० सारख्या संख्या एकापेक्षा अधिक वेळा वजा झाल्या. तेव्हा दोन-दोनांच्या सामाईक पटी परत द्या: १६, १०, ७, ६, ४ आणि २, मिळून ४५. आता तीन-तीनांच्या सामाईक पटी जादा परत गेल्या. त्या ६ काढून घ्या. १०० उणे ११७ अधिक ४५ उणे ६, उरले २२. यात १ धरला गेला आहे आणि २, ३, ५, ७ या चौघी धरल्या गेलेल्या नाहीत; हिशेब सरळ केला की २५. शंभरापर्यंत हे झकास चालते. दहा हजारांपर्यंत करायचे तर २५ मूळ संख्या घ्याव्या लागतात आणि सूत्रात ३,३५,५४,४३२ पदे येतात. त्यांतली बरीचशी शून्य असली तरी काय झाले! उत्तर काय, तर १,२२९. शिवाय प्रत्येक भागाकारात अपूर्णांक सोडून दिल्याने होणारी बारीकशी चूक इतक्या पदांत साचून उत्तरापेक्षा मोठी होऊन बसते.

नॉर्वेच्या व्हिगो ब्रूनने यावर जो तोडगा काढला तो धाडसी होता: नेमके उत्तर नकोच, अर्ध्यावर थांबू आणि ‘याहून जास्त नाही, याहून कमी नाही’ एवढे सांगू. १९१९ मध्ये त्याने जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज मर्यादित राहते हे दाखवले. सगळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज अमर्याद वाढते हे ऑयलरने १७३७ मध्येच दाखवले होते. म्हणजे ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्या असल्या तरी फारच विरळ. चाळणीचा सिद्धांत म्हणून जी शाखा आज ओळखली जाते ती इथून सुरू झाली. चीनमधल्या चेन जिंगरुनने १९७३ मध्ये छापलेला निकाल असा: पुरेशी मोठी कोणतीही सम संख्या घ्या, ती एक मूळ संख्या आणि जास्तीत जास्त दोन मूळ अवयव असलेली एक संख्या यांची बेरीज असते. २०१३ मध्ये यितांग झांगने दाखवले की ७ कोटींपेक्षा कमी अंतरावर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. वर्षभरातच इतरांनी ते अंतर २४६ वर आणले. ते २ वर आणायचे आहे, आणि तिथे गाडी अडली आहे. चाळणीला एका संख्येत मूळ अवयवांची गिनती सम आहे की विषम हे ओळखता येत नाही, हे सेल्बर्गने दाखवले. चेनच्या विधानात ‘एक’ असायला हवे तिथे ‘जास्तीत जास्त दोन’ का, याचे मूळ या अडचणीतच आहे.

यंत्रांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग वाचकाला इतरत्र भरपूर सापडेल. धाकट्या लेहमरने, म्हणजे डेरिक हेन्रीने, १९२६ मध्ये सायकलच्या साखळ्यांची चाळणी बांधली: वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या एकाच आसावर फिरतात आणि सगळ्यांच्या खुणा एका रेषेत आल्या की यंत्र थांबते. १९३२ च्या यंत्रात साखळ्यांच्या जागी भोकांची दंतचक्रे आली. सगळी भोके जुळली की प्रकाशाची तिरीप आरपार जाई. १९८१ मध्ये ‘बाइट’ मासिकाने घरगुती संगणकांचा वेग तोलण्यासाठी जो छोटा प्रोग्रॅम छापला तो चाळणीचाच. १,८९९ हा आकडा आला की प्रोग्रॅम बरोबर चालला. तो विषम संख्याच मोजत होता. निकोमाखसला ते पसंत पडले असते.

भारतातही १९३४ मध्ये एस. पी. सुंदरम या विद्यार्थ्याने एक सुंदर पर्यायी चाळणी काढली. पहिली ओळ ४, ७, १०, १३ अशी तीन-तीनांनी. दुसरी ७, १२, १७, २२ अशी पाच-पाचांनी. तिसरी १०, १७, २४, ३१ अशी सात-सातांनी. या कोष्टकात न आलेली कोणतीही संख्या घ्या, दुप्पट करून एक मिळवा. मूळ संख्या मिळते. १, २, ३, ५, ६, ८, ९ या आलेल्या नाहीत. त्यांपासून ३, ५, ७, ११, १३, १७, १९ मिळतात. कोष्टकात असलेल्या ४ पासून ९, ७ पासून १५. असे का होते हे दोन ओळींच्या बीजगणितात उलगडते, आणि ते उलगडण्याचा आनंद मी इथे हिरावून घेत नाही. चौथ्या प्रकरणात तो मुद्दाम वाचकावर सोपवला आहे.

या पद्धतीला जे जमत नाही तेही सांगायला हवे. तिच्याकडे यादी मागा, ती देईल. दोनशे अंकी एकच संख्या देऊन निकाल मागा, ती हात टेकते. तिथवरची रांग मांडायला जगातला कागद आणि जगातली स्मृती पुरणार नाही. त्यासाठी मुळातच वेगळ्या कसोट्या लागतात. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी अशीच कसोटी दिली, जी कोणत्याही संख्येचा निकाल संख्येच्या लांबीच्या मानाने माफक वेळात आणि निःसंदिग्ध लावते. तिच्यात चाळणे नाही. मात्र एवढ्या मोठ्या संयुक्त संख्येचे अवयव पाडायचे म्हटले की चाळणी मागच्या दाराने परत येते. १९७७ मध्ये आव्हान म्हणून जाहीर केलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली ती पॉमेरन्सच्या वर्गी चाळणीने. शेकडो स्वयंसेवकांचे संगणक आठ महिने चाळत होते, मूळ संख्यांसाठी नव्हे तर लहान-लहान अवयवांत पूर्ण फुटणाऱ्या संख्यांसाठी.

हे पुस्तक वाचायला सहाव्या प्रकरणापर्यंत शाळेतले गणित पुरेल. सातव्यात लघुगणक लागतो, आठव्यात थोडे कलनशास्त्र. ज्यांना ते नको असेल त्यांनी आठवे खुशाल गाळावे, पुढच्या कशाचेही त्यावाचून अडणार नाही. पहिल्या प्रकरणाशी शंभर घरांचा कोरा तक्ता जोडला आहे. तो शिसपेन्सिलीने भरावा, आणि प्रत्येक फुलीशेजारी निकोमाखसप्रमाणे खोडणाऱ्या संख्येचा आकडाही लिहावा. शेवटी १०,००० पर्यंतच्या मूळ संख्यांचे कोष्टक आहे. ते संगणकावर काढून दोन वेगवेगळ्या रीतींनी ताडून पाहिले आहे. त्यात १,२२९ नोंदी आहेत, आणि पहिली नोंद २ आहे.